उष्णता सांध्यापाशी का अडते

धातू म्हटला की तो उष्णतेचा सुवाहक असणार, हा शाळेपासून मनात बसलेला समज टायटॅनियमला फारसा लागू पडत नाही. एक मीटर जाडीच्या आणि एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या ठोकळ्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंच्या तापमानांत एका अंशाचा फरक राखला असता त्यातून दर सेकंदाला जितकी ऊर्जा वाहते, तिला त्या पदार्थाची उष्णतावाहकता म्हणतात आणि ती वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन या एककात सांगतात. हा आकडा तांब्यासाठी सुमारे ४००, ॲल्युमिनियमसाठी सुमारे २३७, लोखंडासाठी ८० च्या आसपास, तर शुद्ध टायटॅनियमसाठी जेमतेम २० आहे. आणि ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला, विमानउद्योगात सर्वाधिक वापरला जाणारा आणि कारखान्यांत नुसत्या ‘सिक्स-फोर’ या नावाने ओळखला जाणारा जो टायटॅनियमचा मिश्रधातू आहे, त्यासाठी तो ७ च्या घरात उतरतो. ज्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात भाजी करपते म्हणून त्याच्या बुडाला तांब्याचा थर द्यावा लागतो, त्या स्टीलचा आकडासुद्धा याच्या दुप्पट भरतो.

या मंदपणाची किंमत अनेक ठिकाणी मोजावी लागते. लेथवर टायटॅनियम कापताना निर्माण होणारी उष्णता धातूत पसरून जात नाही, ती हत्याराच्या टोकाशीच साचते आणि धार लवकर जाते. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे बाहेरची हवा दाबून ज्वलनकक्षाकडे ढकलणाऱ्या भागात, फिरणाऱ्या चकतीची कडा गरम हवेमुळे चटकन तापते, पण मध्यभाग बराच वेळ मागे राहतो. तापलेली कडा फुगू पाहते, थंड मध्य तिला धरून ठेवतो, आणि या ओढाताणीतून उपजणारा ताण वेगाने फिरण्यामुळे आधीच असलेल्या ताणात मिसळतो. हा ताण आकडेमोडीने काढायचा तर त्या धातूची उष्णतावाहकता, विशिष्ट उष्माधारकता, घनता आणि प्रसरण ही चारही प्रत्येक तापमानाला माहीत असावी लागतात, आणि त्यांपैकी एक जरी चुकली तरी चकतीच्या आयुष्याचा हिशेब बिघडतो.

या मोजमापांच्या गोष्टीत ब्रिटन वारंवार येतो, आणि त्याचा टायटॅनियमशी संबंध जुना आहे. विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने १७९१ मध्ये कॉर्नवॉलमधील मनॅकन खोऱ्यातल्या काळ्या, चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या वाळूत एका अज्ञात धातूचे ऑक्साइड ओळखले, आणि चार वर्षांनी जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोटने त्या धातूला टायटॅनियम हे नाव दिले. तेच खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आढळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅमजवळील विटन येथे आयएमआय कंपनीने विमानांच्या इंजिनांसाठी टायटॅनियमचे एकामागून एक मिश्रधातू घडवले, त्यांपैकी ‘आयएमआय ८३४’ हा सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा मिश्रधातू रोल्स-रॉइसच्या ट्रेंट इंजिनांच्या कॉम्प्रेसरमध्ये बसला. त्यापलीकडे जायचे तर निव्वळ धातू पुरेसा पडत नाही, आणि तेथे कंपोझिटचा विचार सुरू होतो.

शब्दांचा एक गुंता येथेच सोडवलेला बरा. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘संमिश्र’ हा शब्द मिश्रधातूसाठी येतो आणि अलीकडच्या लिखाणात तोच कंपोझिटसाठीही वापरला जातो, पण या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. मिश्रधातूत मिसळलेली मूलद्रव्ये अणूंच्या पातळीवर एकमेकांत विरघळतात, तर कंपोझिटमध्ये दोन पदार्थ आपापली ओळख राखून शेजारी शेजारी राहतात, जसे सिमेंटात खडी आणि सळई राहते. आणि म्हणूनच कंपोझिटमध्ये मिश्रधातूत नसलेली एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे दोन पदार्थांमधला सांधा, ज्याला शास्त्रीय भाषेत सीमापृष्ठ म्हणता येईल. टायटॅनियमच्या कंपोझिटमध्ये आधारधातू, म्हणजे ज्यात दुसरा पदार्थ रोवतात तो, टायटॅनियमचा मिश्रधातू असतो, आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे तंतू तरी रोवलेले असतात किंवा सिलिकॉन कार्बाइड, टायटॅनियम डायबोराइड यांसारख्या कठीण पदार्थांचे बारीक कण तरी विखुरलेले असतात. तंतूंच्या मदतीने भक्कम केलेली हलकी कडी, जिच्यावर पाती थेट कडीतूनच निघतात आणि जिला इंजिनीअर ‘ब्लिंग’ म्हणतात, ही रोल्स-रॉइसच्या संशोधनातली एक मोठी आशा होती, कारण जड चकतीचा मधला भागच त्यामुळे काढून टाकता येतो.

शुद्ध स्फटिकरूपातील सिलिकॉन कार्बाइडची उष्णतावाहकता टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या कित्येक पट असते. साध्या बेरीज-वजाबाकीने पाहिले तर मंद धातूत असा चपळ पदार्थ मिसळल्यावर मिश्रणाची वाहकता वाढायला हवी. प्रत्यक्षात काय झाले ते सांगण्यापूर्वी ही वाहकता मोजतात कशी, हे पाहणे भाग आहे, कारण टायटॅनियमच्या बाबतीत मोजणीची अडचण आणि पदार्थाचा स्वभाव एकमेकांत गुंतलेले आहेत.

वाहकता मोजण्याची सर्वांत सरळ कल्पना अशी की एका दांड्याचे एक टोक तापवावे, दुसरे थंड ठेवावे, दांड्यातून किती उष्णता गेली ते मोजावे आणि दोन टोकांच्या तापमानांतील फरकाने भागावे. एडिंबरोत जेम्स डेव्हिड फोर्ब्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोखंडी दांड्यावर हेच केले, आणि केंब्रिजच्या सर्लचे तांब्याच्या दांड्याचे उपकरण व मँचेस्टरच्या चार्ल्स लीजची चकती यांच्याशी तर महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या पदवीधरांच्या पिढ्यांची प्रयोगवहीतून ओळख आहे. (या लीजचे नाव पुष्कळ वह्यांत ‘ली’ असे पडते आणि चकती ‘ली’ची होऊन बसते, पण तो लीजच, आणि १८९८ मध्ये त्याने केवळ शुद्ध पदार्थांचीच नव्हे तर मिश्रणांचीही वाहकता मोजून प्रसिद्ध केली होती, म्हणजे या प्रकरणाचा विषय त्याच्याही टेबलावर होताच.) सुवाहकासाठी लांब दांडा आणि दुर्वाहकासाठी पातळ चकती, अशी ही वाटणी आहे, आणि टायटॅनियम नेमके या दोहोंच्या मध्ये अडकते.

त्याचे कारण एका हिशेबावरून ध्यानात येते. एक चौरस सेंटिमीटर छेदाचा, दहा सेंटिमीटर लांबीचा दांडा घेऊन त्याच्या टोकांत १०० अंशांचा फरक ठेवला, तर तांब्यातून ४० वॅट वाहतात, सिक्स-फोरमधून मात्र अवघे ०.७ वॅट. त्याच दांड्याच्या उघड्या बाजूंवरून आसपासच्या हवेत निसटणारी उष्णता दोन वॅटच्या आसपास सहज जाते. तांब्याच्या बाबतीत ही गळती दुर्लक्षिता येईल, पण टायटॅनियमच्या बाबतीत ती मुख्य प्रवाहापेक्षाच मोठी ठरते, म्हणजे नळातून येणाऱ्या पाण्यापेक्षा पाइपाच्या भोकांतून जाणारे पाणी अधिक, अशी गत होते. मग दांड्याभोवती त्याच्याइतकेच तापलेले संरक्षक नळकांडे बसवावे लागते, हवा काढून निर्वात करावे लागते, प्रारणाने जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब ठेवावा लागतो, आणि एकेका तापमानाला स्थिरता येण्याची तासन्‌तास वाट पाहावी लागते. लंडनजवळ टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, जी १९०० मध्ये स्थापन झाली आणि ब्रिटनमधील मोजमापांचा शेवटचा शब्द मानली जाते, ही चिकाटीची कामे दशकानुदशके चालली.

तेथील आर. डब्ल्यू. पॉवेल आणि आर. पी. टाय यांनी १९६१ मध्ये टायटॅनियम व त्याच्या मिश्रधातूंची उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता या दोहोंवरचे आपले काम प्रसिद्ध केले. दोन्हींची जोडी जमवण्यामागे एक जुना नियम आहे: धातूत वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉनच बहुतांश उष्णताही नेतात, त्यामुळे १८५३ मध्ये वीडमान आणि फ्रांझ यांनी दाखवल्याप्रमाणे एका तापमानाला या दोन वाहकतांचे गुणोत्तर जवळपास स्थिर राहते. ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियमचे परके अणू स्फटिकात घुसले की इलेक्ट्रॉनांची वाट अडते, आणि सिक्स-फोरचा विद्युतरोध शुद्ध टायटॅनियमच्या चौपट होतो. त्या रोधावरून नियमाने हिशेब केला तर उष्णतावाहकता सव्वाचारच्या आसपास येते, मोजलेली मात्र सात. मधली तफावत स्फटिकजालकाच्या कंपनांनी वाहून नेलेल्या उष्णतेची आहे, जी तांब्यासारख्या धातूत नगण्य असते पण येथे इलेक्ट्रॉनच थकलेले असल्याने नजरेत भरते. पुढे कंपोझिटच्या बाबतीत हा दुहेरी वाहतुकीचा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

त्याच १९६१ साली अटलांटिकपलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोतील अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत पार्कर आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी या सगळ्या गळतीच्या कटकटीला बगल देणारा उपाय काढला. नाण्याएवढी पातळ चकती घ्यायची, तिच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकायचा आणि दुसऱ्या बाजूचे तापमान कसे चढते ते पाहायचे. उष्णता किती दिली हे मोजावेच लागत नाही. मागची बाजू आपल्या कमाल वाढीच्या निम्म्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, एवढेच पुरते. जाडीचा वर्ग ०.१३८८ ने गुणून त्या वेळाने भागले की विसरणशीलता मिळते, म्हणजे तापमानातील बदल पदार्थातून किती झपाट्याने पसरतो त्याचे माप. हा शब्द केल्व्हिनचा. मॅक्सवेल याच राशीला तापमानमापी वाहकता म्हणत असे, आणि दोघांपैकी केल्व्हिनचे नाव टिकले ते योग्यच झाले, कारण येथे वाहून नेणे आणि साठवणे या दोहोंचा झगडा मोजला जातो. विसरणशीलतेला घनता आणि विशिष्ट उष्माधारकता यांनी गुणले की वाहकता हाती येते.

सिक्स-फोरची विसरणशीलता दर सेकंदाला तीन चौरस मिलिमीटरांच्या किंचित खाली आहे, त्यामुळे दोन मिलिमीटर जाडीच्या चकतीत हा अर्धवाढीचा काळ सेकंदाचा सुमारे पाचवा भाग येतो. तेवढ्याच जाडीच्या तांब्यात तो सेकंदाचा दोनशेवा भाग असतो. इतक्या थोड्या वेळात बाजूंवरून निसटणारी उष्णता फारशी नसते, आणि जी असते तिच्यासाठी पुढच्या काही वर्षांत दुरुस्तीची सूत्रेही तयार झाली. सुरुवातीच्या झेनॉन दिव्याची जागा लेसरने घेतली, मागच्या बाजूला चिकटवलेल्या थर्मोकपलची जागा दुरूनच तापमान वाचणाऱ्या अवरक्त संवेदकाने घेतली, आणि चकचकीत धातूने प्रकाश परतवू नये म्हणून चकतीवर ग्राफाइटचा काळा फवारा मारण्याची रीत पडली. पण सोपेपणाच्या पोटात एक कडक अट दडलेली आहे: सूत्रात जाडीचा वर्ग असल्यामुळे जाडी मोजण्यात एक टक्का चूक झाली तर उत्तरात दोन टक्के चूक येते.

उष्माधारकता आणि घनता या दोन गोष्टी कंपोझिटमध्ये तुलनेने सरळ आहेत, घटकांच्या प्रमाणात त्यांची बेरीज होते. एक खाचखळगा मात्र आहे: शुद्ध टायटॅनियम ८८२ अंशांना आणि सिक्स-फोर ९९५ च्या आसपास आपली स्फटिकरचना बदलतो, त्या बदलासाठी उष्णता शोषतो, आणि त्या पट्ट्यात मोजलेली उष्माधारकता वाहकतेच्या सूत्रात घातली की अर्थहीन आकडे बाहेर पडतात. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील केनेथ मिल्स यांनी व्यापारी मिश्रधातूंच्या औष्णिक गुणधर्मांचा जो शिफारस केलेल्या आकड्यांचा संग्रह २००२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सिक्स-फोरचाही समावेश आहे. त्याच्या वाहकतेचा एक विशेष असा की तापमान वाढते तशी ती वाढते. तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड यांची वागणूक याच्या उलट असते.

आता मिश्रणाकडे. एका पदार्थात दुसऱ्याचे गोल कण विखुरले तर एकूण वाहकता किती होईल, याचे सूत्र मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या विद्युत-चुंबकत्वावरील ग्रंथातच दिले होते. ते विजेसाठी असले तरी उष्णतेलाही तसेच लागू पडते, आणि १८९२ मध्ये रॅलेने नियमित रचनेच्या कणांसाठी ते पुढे नेले. मॅक्सवेलचे सूत्र कणांचा आकार लहान की मोठा हे विचारतच नाही, त्याला फक्त त्यांचे प्रमाण हवे असते. कण आणि आधारधातू यांचा सांधा निर्दोष आहे, उष्णता तो विनासायास ओलांडते, असे त्यात गृहीत आहे.

हे गृहीत टायटॅनियमने मोडीत काढले. केंब्रिजचे एफ. एच. गॉर्डन व टी. डब्ल्यू. क्लाइन आणि मँचेस्टरचे एस. पी. टर्नर व आर. टेलर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टायटॅनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे आणि टायटॅनियम डायबोराइडचे कण मिसळून कंपोझिट तयार केली, लेसर-झोताच्या पद्धतीने त्यांची विसरणशीलता मोजली, आणि १९९३ व १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. डायबोराइड मिसळल्याने वाहकता वाढली, अपेक्षेप्रमाणे. सिलिकॉन कार्बाइड मिसळल्यावर मात्र ती मूळ धातूपेक्षाही खाली गेली. जणू चपळ कणांऐवजी धातूत भोके पाडली असावीत.

आणि काही अंशी तसेच झाले होते. तापलेले टायटॅनियम जवळपास कशाशीही अभिक्रिया करते. कंपोझिट घडवताना लागणाऱ्या नऊशे अंशांच्या वरच्या तापमानाला ते सिलिकॉन कार्बाइडला कुरतडते आणि सांध्यावर टायटॅनियम कार्बाइड व टायटॅनियम सिलिसाइड यांचा ठिसूळ थर तयार होतो. हे नवे पदार्थ मूळ पदार्थांपेक्षा कमी जागा व्यापतात, त्यामुळे सांध्याशी सूक्ष्म पोकळ्या आणि भेगा राहतात. डायबोराइडशी होणारी अभिक्रिया यामानाने सौम्य असते. शिवाय डायबोराइड स्वतः धातूसारखा इलेक्ट्रॉनांनी वाहणारा पदार्थ आहे, तर सिलिकॉन कार्बाइड उष्णता केवळ जालकाच्या कंपनांनी नेतो. म्हणजे एका बाजूला इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला कंपने, आणि सांध्यावर रेल्वेचा गेज बदलल्याने मालाची उतरवा-चढव करावी तसा ऊर्जेचा हवाला बदलावा लागतो. चांगल्या सांध्यातही असा अडथळा असतो हे भौतिकशास्त्रज्ञ कापित्झाने १९४१ मध्ये द्रवरूप हेलियम आणि तांबे यांच्या सीमेवर मोजून दाखवले होते. केंब्रिज सोडून त्याला मॉस्कोत राहणे भाग पडल्यानंतरचे ते काम.

सांध्याचा रोध हिशेबात घेताच कणांचा आकार एकदम महत्त्वाचा ठरतो. तेवढेच सिलिकॉन कार्बाइड मोठ्या कणांऐवजी बारीक कणांत वाटले तर सांध्याचे एकूण क्षेत्रफळ वाढते आणि उष्णतेला अधिक वेळा उंबरठा ओलांडावा लागतो; एका मर्यादेखाली कण इतके बारीक होतात की ते कितीही सुवाहक असले तरी मिश्रणाची वाहकता घटतेच. हॅसलमन आणि जॉन्सन यांनी १९८७ मध्ये मॅक्सवेलच्या सूत्रात ही भर घातली होती, आणि तिचा उपयोग उलट्या दिशेनेही करता येतो: मिश्रणाची वाहकता मोजायची आणि तिच्यावरून, सूक्ष्मदर्शकातही नीट न दिसणाऱ्या त्या सांध्याचा रोध काढायचा. मोजणीचे खरे मोल येथे आहे असे म्हणावे लागते, कारण वाहकतेचा आकडा इंजिनीअरला हवा असतो हे खरे, पण धातुशास्त्रज्ञाला त्यातून सांध्याची प्रकृती कळते.

तंतूंच्या कंपोझिटमध्ये हा धडा आधीच अंगीकारलेला दिसतो. फार्नबरो येथे तयार होणारा ‘सिग्मा’ हा सिलिकॉन कार्बाइडचा तंतू सुमारे शंभर मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड असतो. विजेने तापवलेल्या टंगस्टनच्या तारेवर वायूंतून सिलिकॉन कार्बाइड साचवून तो बनवतात आणि वर काही मायक्रोमीटर जाडीचा कार्बनाचा लेप देतात, जेणेकरून टायटॅनियम आधी त्या लेपालाच खाईल. त्या कामातून पुढे तेथेच टिसिक्स ही कंपनी उभी राहिली. तंतूंच्या दिशेने आणि त्यांच्या आडवी अशा दोन वेगळ्या वाहकता या पदार्थाला असतात, आणि झोताच्या पद्धतीचे सूत्र ज्या एकजिनसी चकतीसाठी लिहिले आहे ती येथे नसते. दोन मिलिमीटरांच्या जाडीत आडव्या तंतूंच्या अवघ्या दहा-बारा ओळी बसतात आणि उभ्या तंतूंमधून उष्णतेचा झोत धातूच्या पुढे धावतो, तेव्हा मागच्या बाजूचे तापमान कुठल्या ठिपक्यावर वाचले यावरही उत्तर हलू शकते.

प्रसरणाचा प्रश्न याच सांध्याशी येऊन थांबतो. सिक्स-फोर एका अंशाला एका मीटरमागे सुमारे ८.६ मायक्रोमीटर वाढतो, सिलिकॉन कार्बाइड त्याच्या जेमतेम निम्मा. नऊशे अंशांवर एकजीव केलेला तुकडा थंड होताना दोघांच्या आकुंचनात मीटरमागे साडेतीन मिलिमीटरांचा फरक पडू पाहतो, पण बांधलेले असल्याने तो पडू शकत नाही. मग धातू ताणलेला राहतो, तंतू लांबीच्या दिशेने दाबलेला राहतो, आणि धातू तंतूला चहूबाजूंनी आवळून धरतो. ऑक्सफर्डशायरमधील रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेच्या ‘आयसिस’ या न्यूट्रॉनस्रोतावर हे अंतर्गत ताण न्यूट्रॉनांच्या विवर्तनाने मोजले गेले, कारण न्यूट्रॉन धातूच्या आतवर शिरून अणूंच्या ओळींमधील अंतर सांगू शकतात. तापवल्यावर ही मिठी सैल होते, आणि वारंवार तापवून-थंड करून सांध्यात फट पडली तर सांध्याचा रोध वाढतो.

अशी फट शोधण्यासाठी चकती कापून भट्टीत नेण्याची गरज उरू नये, असा विचार ऑक्सफर्डशायरमध्येच हार्वेल येथे मिल्न आणि रेनॉल्ड्स यांनी ऐंशीच्या दशकात मांडला आणि पार्करचा झोत प्रयोगशाळेबाहेर काढला. कंपोझिटच्या मोठ्या पत्र्यावर दिव्याचा लखलखाट टाकायचा आणि अवरक्त कॅमेऱ्याने व्हिडिओ घ्यायचा. जेथे आत सांधा सुटला असेल तेथे उष्णता अडून पृष्ठभाग क्षणभर अधिक उबदार दिसतो. त्या काळच्या ब्रिटिश टीव्हीच्या पद्धतीनुसार सेकंदाला पंचवीस चित्रे निघत. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियममधून उष्णतेचा झोत एका चित्राच्या आतच पार होऊन जातो आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही; टायटॅनियममध्ये तोच प्रवास टिपायला पाच चित्रे मिळतात.